बोअर मोठा मागण्याआधी गोळी कुठे थांबते ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफ बंधूंचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलेत. परवाना असूनही आपल्याला ‘.३२ चे खेळणे’ कमरेला लावावे लागते, पोलिसांकडे मात्र ९ एमएम असते, तेव्हा जोखमीचा धंदा करणाऱ्यांनाही ९ एमएमचा परवाना द्या, अशी त्यांची मागणी आहे. (हे आकडे बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या जाडीचे; .३२ इंचांत, ९ एमएम मिलिमीटरमध्ये.) त्यांची भीती खरी आहे. सोन्याचे भाव जिथे जाऊन पोचलेत तिथे सराफाने निर्धास्त झोपावे, असे मी म्हणणार नाही. पण मागणी चुकीची आहे. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होण्याआधी नोकरीचा बराच काळ मी मुख्यालयात नव्या भरतीला रिव्हॉल्वर आणि पिस्तूल शिकवण्यात घालवला, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचे. ९ एमएम नागरिकांना का मिळत नाही, याचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. ती जास्त जीवघेणी म्हणून बंद आहे असा समज असतो. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात निषिद्ध बोअरची जी यादी १९६२ पासून आहे ती वाचली की वेगळेच दिसते. .३८० आणि .४५५ चे कडवाले (बुडाला बाहेर आलेली कड असलेले) काडतूस किंवा सर्व्हिसचे ९ एमएम आणि .४५ काडतूस ज्यात बसते आणि उडते, ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर निषिद्ध. म्हणजे सरकारी भांडारातला राउंड (काडतूस) बाहेर गेला तरी खासगी हत्यारात चालू नये, एवढाच हिशेब. विचार इंग्रजांच्या काळातला, लष्कराच्या दारूगोळ्याला पाय फुटू नयेत म्हणून केलेला. म्हणून तर .३५७ मॅग्नम हे ९ एमएमपेक्षा जोरकस काडतूस निषिद्ध यादीत बसत नाही, आणि बिचारे ९ एमएम बसते. हा नियम शहाणपणाचा आहे असे माझे मत नाही. उद्या सरकारने बदलला तरी मी रडणार नाही. मात्र तो बदलल्याने सराफ बंधू जास्त सुरक्षित होतील, हे मला मान्य नाही.

आता ‘खेळणे’ या शब्दाबद्दल. कोल्हापूरच्या माणसाने तरी तो वापरू नये. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी सागरमाळावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ७.६५ एमएमच्या होत्या. ७.६५ म्हणजेच पिस्तुलाचे .३२. त्याआधी पुण्यात दाभोलकर, नंतर धारवाडला कलबुर्गी, बंगळुरूला गौरी लंकेश, सगळीकडे तपासात हाच बोअर आला. जवळून, बेसावध माणसावर, तयारीने आलेल्या मारेकऱ्याने झाडलेली गोळी कोणत्याही बोअरची असो, जीव घेते.

सराफ बंधू यावर म्हणतील, मला कुणाला मारायचे नाही, समोरून कोयता घेऊन येणाऱ्याला थांबवायचे आहे. बरोबर. स्वसंरक्षणात बोअरचा सगळा वाद या थांबवण्यावरच आहे, आणि तिथेच लोकांच्या डोक्यात सिनेमा शिरतो. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो. प्रत्यक्षात कोणत्याही पिस्तुलाच्या गोळीत माणसाला मागे फेकण्याइतका धक्का नसतो. तेवढा असता तर झाडणाराही मागे पडला असता. रायफलच्या गोळीचा वेग इतका असतो की ती वाटेतले मांस ताणून फाडते. पिस्तुलाच्या वेगाला मांस ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. उरते ते फक्त गोळीच्या जाडीचे भोक. .३२ ची गोळी सुमारे ७.९ मिलिमीटर, ९ एमएमची ९, आणि ज्याचा एवढा दबदबा त्या .४५ ची साडेअकरा. जोर म्हणाल तर ९ एमएमची ऊर्जा .३२ रिव्हॉल्वरच्या तिपटीच्या घरात जाते, त्यामुळे ती खोल जाते, जाड कपड्यातून, हाडातून जाते. हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण मेंदूला किंवा मणक्याला गोळी लागली नाही तर माणूस थांबतो तो रक्त गेल्यामुळे, आणि त्याला वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. गुजरीतल्या दुकानात काउंटरपासून दरवाजापर्यंत किती अंतर असते ते सराफ बंधूंनीच मोजावे.

अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत जे घडले त्यावर जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात आजही बोलले जाते. दोन दरोडेखोर आणि एफबीआयचे, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे, आठ एजंट. एका दरोडेखोराच्या दंडातून ९ एमएमची गोळी छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबली. जखम जीवघेणीच होती, तो वाचणार नव्हता. पण ती लागल्यानंतर त्याने रायफलने दोन एजंटांना ठार केले आणि आणखी काहींना जखमी केले. एकूण पाच एजंट जखमी झाले. ठपका गोळीवर आला. मग एफबीआयने मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या ठरवल्या: गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाता कामा नये, नुसत्या ठोकळ्यात, जाड कपड्यातून, प्लायवुडमधून, पत्र्यातून, मोटारीच्या काचेतून. वरची मर्यादा मुद्दाम सांगते, तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. एफबीआयने आधी दणकट १० एमएम घेतले. पिस्तूल जड, झटका जबर, अनेक एजंटांना ते आवरेना. ते काडतूस सौम्य केले, त्यातून १९९० मध्ये .४० नावाचे आखूड काडतूस जन्माला आले, आणि ते अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला जाऊन बसले. आणि २०१५ च्या सुमारास तीच एफबीआय परत ९ एमएमवर आली. कारण काय? गोळीची बनावट सुधारली होती, त्यामुळे जखमेत फारसा फरक उरला नव्हता. ९ एमएम पिस्तुलात राउंड जास्त मावतात. आणि तीच माणसे ९ एमएमने अधिक वेगाने आणि अधिक अचूक मारत होती. पैसा, प्रयोगशाळा आणि वर्षे घालवून ते फिरून तिथेच आले. आमच्या रेंजवरच्या कुठल्याही उस्तादाने शेवटचे कारण चहाच्या कपावर सांगितले असते.

माझ्याकडे गडहिंग्लज, चंदगड, शिराळ्याकडच्या मुली भरती होऊन यायच्या. मनगटात ताकद एवढी की मुले लाजावीत. तरी .३८ रिव्हॉल्वर हातात दिले की टार्गेटवर सगळ्या गोळ्या खाली डावीकडे, घड्याळातल्या सातच्या जागी. ताकदीचा प्रश्न नव्हता. त्या जुन्या रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड. पंजा लहान असला की बोटाचे नुसते टोक पोचते, ओढता ओढता नळी खाली जाते. माझाही पंजा लहान आहे, त्यामुळे मला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. मग ९ एमएम आले, ईशापूरच्या कारखान्याचे, तेरा राउंडच्या मॅगझिनचे. चाप हलका, झटका सोसण्याजोगा, निकाल सुधारले. पण त्या पिस्तुलाची मूठ जाड, सेफ्टीचा खटका बारीक, आणि चेंबर (नळीमागची, राउंड बसण्याची जागा) रिकामे ठेवून बाळगायचे तर स्लाइड, म्हणजे राउंड आत ढकलणारा वरचा सरकता भाग, ओढायला दुसरा हात मोकळा हवा. झटापटीत दुसरा हात मोकळा असतोच असे नाही.

मी एक साधी परीक्षा घ्यायचे. मॅगझिनमध्ये जिवंत राउंडांमध्ये एखादा डमी, म्हणजे न उडणारा राउंड, मिसळायचा, शिपायाला कळू द्यायचे नाही. डमीवर चाप ओढला की आवाज होत नाही, पण ज्याला झटक्याची भीती असते त्याची नळी आपोआप खाली डुचकी मारते. सगळ्यांना दिसते, सगळे हसतात, आणि त्यालाही कळते की गोळी पिस्तुलाने नाही, आपण चुकवली. यावर उपाय स्वस्त आहे: रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर नाणे ठेवायचे आणि ते न पडता चाप ओढायचा, रोज, बराकीत बसून. मोठ्या बोअरने ही भीती वाढते, कमी होत नाही.

आता त्या १८ इंचांच्या मर्यादेकडे. मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडे यायचे ते खडकीच्या कारखान्याचे, बुडावर केएफ शिक्का असलेले ९ एमएम, पूर्ण तांब्याच्या कवचाचे. लष्करासाठी बनवलेली ही गोळी. ती शरीरात पसरत नाही, वाकत नाही. मऊ भागातून गेली तर आरपार जाते आणि मागे कोण आहे हे तिला ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी नव्वदच्या दशकात ९ एमएम पिस्तुले घेतली तेव्हा सुरुवातीला असेच कवचाचे राउंड वापरले. गोळ्या गुन्हेगारातून पार होऊन भलत्यालाच लागण्याच्या घटना झाल्या, तेव्हा १९९८ मध्ये त्यांनी पोकळ टोकाची गोळी घ्यायचे ठरवले. ती आत शिरली की टोक उमलते, भोक रुंद होते आणि गोळी आतच थांबते. ऐकायला क्रूर वाटते, आणि त्यामागचा इतिहास आपल्याच देशातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी पसरणारी गोळी बनवली, तिच्यावर युरोपात गदारोळ झाला आणि १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात बंद केल्या. तो करार सैन्यांमधल्या युद्धापुरता आहे. भर गर्दीत काम करणाऱ्या पोलिसाचा विचार त्यात नव्हता.

गुजरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. बोळासारखी गल्ली, दोन्हीकडे दुकाने, पलीकडे महाद्वार रोड, शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बायाबापड्यांची रांग. दुकानात शिरलेल्या चोरट्याच्या दंडातून किंवा कुशीतून गेलेली ९ एमएमची कवचाची गोळी समोरच्या दुकानाची काच फोडून कुठे जाईल? आणि चुकलेली गोळी? हादरलेल्या हाताने झाडलेल्या गोळ्यांपैकी चुकणाऱ्याच जास्त असतात, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे. .३२ ची चुकलेली गोळीही माणूस मारते, म्हणून ती निर्धोक असे मी म्हणत नाही. पण जोर तिप्पट केला की मागच्यांचा धोका वाढतो, आणि सराफ बंधूंच्या पत्रात त्या मागच्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती.

‘आत्मरक्षणाचा अधिकार’ हे शब्द मात्र त्यांनी ठळक लिहिले होते. तो अधिकार आहेच. पूर्वी दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण त्याच कलमांत गरजेपेक्षा अधिक इजा करता येणार नाही हेही लिहिले आहे. चोरटा पाठ फिरवून पळत असताना रस्त्यात येऊन झाडलेली गोळी न्यायालयात कशी पाहिली जाईल, ते परवाना घेण्याआधी वकिलाला विचारून ठेवावे.

मग बाळगायचेच असेल तर काय बाळगावे? विचारलेच आहे तर सांगते. .३२ मध्ये दोन वेगळी काडतुसे आहेत, रिव्हॉल्वरचे लांब आणि पिस्तुलाचे आखूड, आणि ती एकमेकांऐवजी वापरायची नसतात. दुकानदाराला नीट सांगून घ्यावीत. शोकेसमागे बसणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या, वर्षातून एकदा हत्यार हाताळणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्वरच सांगेन. स्लाइड ओढायची नसते, एक राउंड फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढला की पुढचा येतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे साधे .३२, मधून मोडून उघडणारे, सहा राउंडचे, त्याच्यासाठी ठीक आहे. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, कानपूरनेच ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर महिलांसाठी म्हणून आणले, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये हलके लागते एवढे खरे. पण हलके हत्यार हातात जास्त उसळते, आणि पर्सच्या तळाशी चाव्या नि कंगव्याखाली असलेले हत्यार वेळेवर निघत नाही. माझ्या भाचीने विचारले होते, तिला मी घेऊ दिले नाही.

बोअर कोणताही असो, सराव केला पाहिजे. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील ते लिहिलेले असते, आणि ती बहुतेकांच्या कपाटात तशीच हिरवी पडतात. २०१६ च्या नियमांनी नव्या परवान्यासाठी हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले, हे चांगले झाले. पण ज्यांच्याकडे वडिलोपार्जित परवाने आहेत त्यांच्यातले अनेकजण निवडणुकीच्या वेळी ठाण्यात हत्यार जमा करायला येतात तेव्हाच ते कपाटाबाहेर निघते. चेंबर रिकामे आहे का, असे विचारले की नळी हवालदाराच्या पोटाकडे करून आत डोकावणारे महाभाग मी पाहिलेत. यांना ९ एमएम द्या म्हणता?

पोलिसांबद्दल मात्र मी सराफ बंधूंच्या उलट बाजूने बोलेन. रस्त्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला ९ एमएम असावे, .३८ चा काळ गेला. ते आरपार न जाणाऱ्या गोळीसह असावे, निदान गर्दीत काम करणाऱ्या शहर पोलिसांपुरते तरी. आणि त्याहून आधी सराव वाढवावा. आमच्याकडे सराव ठरायचा आणि गणपती यायचा, मग नवरात्र, मग निवडणूक, मग कुणाचा तरी दौरा. बंदोबस्त संपेपर्यंत पावसाने रेंजचा मातीचा बट (गोळ्या अडवणारा टार्गेटमागचा ढिगारा) ढासळलेला असायचा. वर्षअखेर घाईघाईने ठरलेले राउंड उडवून रजिस्टर पूर्ण. पिस्तूल नवे आले की फोटो छापून येतात, राउंड किती उडवले हे कुणी विचारत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा दाखला ९ एमएमच्या बाजूने देणारेही भेटतात. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोघांच्या हातात एके-४७ होत्या. तिच्यापुढे .३८ काय, ९ एमएम काय, दोन्ही तोकडी. रायफलला उत्तर रायफलने द्यायचे असते, आणि तो विषय कमरेच्या हत्याराचा नाही.

सराफ बंधूंना राग येऊ नये. मजबूत शटर, आतून उघडणारे दुहेरी दार, रात्री माल तिजोरीत, आणि लुटायला आलेल्याला माल देऊन टाकायचा, कारण त्याचा विमा उतरवता येतो, हे मी त्यांना समोर भेटले तरी सांगेन. आणि आपल्याला एक विनंती: जिल्ह्याच्या पोलिसांना नवी पिस्तुले मिळाल्याची बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढे विचारायला सांगा, की गेल्या वर्षी प्रत्येक शिपायाने सरावात किती राउंड झाडले आणि त्यातले टार्गेटवर किती बसले. उत्तर दिले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देते.

आपली,
एक निवृत्त पोलीस निरीक्षक, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)